साईड देण्याची रीत

'साईड' हा शब्द मूळचा इंग्रजी खरा, पण आता तो आपल्याकडे इतका मुरला आहे की बैलगाडीत बसलेली आजीसुद्धा मागून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला म्हणजे नातवाला म्हणते, "अरे, साईड दे की तिला!" रस्त्यावरची निम्मी भांडणे या एका शब्दापायी होतात. एकाने साईड मागितली, दुसऱ्याने दिली नाही; एकाने दिली, दुसऱ्याला ती कळली नाही; तिसऱ्याने तर न विचारताच घेतली. आज मला बोलायचे आहे ते या साईडविषयी. विषय आपल्या रोजच्या रस्त्यावरचा आहे. पण तो मला नीट उमगला चेन्नईजवळच्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर. म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

त्याचे असे झाले. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. त्याने कर्ज काढून एक जोरकस इंजिनाची मोटार घेतली, आणि घेतल्या दिवसापासून तिचा खरा वेग कुठे पाहायला मिळेल, हा घोर त्याला लागून राहिला. हमरस्त्यावर तो पाहू नये एवढी समज त्याला होती. नसती, तरी मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे किंवा वेगाची परीक्षा पाहणे हा गुन्हाच आहे. मग कुणीतरी त्याला 'ट्रॅक डे'ची माहिती दिली. माझ्या थोरल्या बहिणीने त्याच्याबरोबर मला धाडले. मामा सोबत असला म्हणजे पोरगा जपून चालवील, अशी तिची भाबडी समजूत. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मोटारीतले मला कळते ते एवढेच की पेट्रोल संपले म्हणजे ती थांबते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगून टाकतो. शर्यतीसाठी बांधलेला एक बंद रस्ता असतो. तो फिरून पुन्हा आपल्याच शेपटीला येऊन मिळतो. त्यावर समोरून येणारे वाहन नाही, गुरे नाहीत, फाटा नाही, शाळा सुटून घरी निघालेली मुले नाहीत. वर्षातले काही दिवस तो हौशी मंडळींना फी घेऊन वापरायला देतात. आपली रोजची मोटार किंवा मोटारसायकल घेऊन यायचे, हेल्मेट घालायचे आणि ठरवून दिलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही, हारतुरे नाहीत. आपल्या हाताला आणि आपल्या गाडीला काय जमते, ते पाहून घरी जायचे.

आपल्या देशात असे ट्रॅक बोटांवर मोजण्याइतकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर होत. कोइमतूरला २००३ साली झालेला कारी ट्रॅक आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे; तिथे २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. आम्ही गेलो इरुंगट्टुकोट्टैला. गंमत अशी की त्यासाठी आम्हांला रस्ता बदलावाच लागला नाही. आमच्या कराडच्या कडेने जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, बेंगळूरु असा जातजात थेट त्या ट्रॅकपाशी पोहोचतो. ज्या रस्त्यावर माझे विद्यार्थी रोज मोटारसायकली हाकतात, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ही शाळा भरते म्हणा ना!

शाळाच ती. सकाळी उन्हे वर यायच्या आत सर्वांना एका छपराखाली बसवले. मला वाटले, आता गाडी वेगाने कशी पळवावी हे सांगतील. पण सांगणाऱ्या गृहस्थांनी वेगाविषयी फार तर दोन वाक्ये काढली असतील. बाकीचा सगळा वेळ त्यांनी एकाच गोष्टीला दिला : साईड द्यायची कशी आणि घ्यायची कशी.

पहिली गोष्ट, सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. नवखे, मधले आणि मुरलेले असे तीन गट करतात आणि प्रत्येक गटाला पंधरावीस मिनिटे आत सोडतात. तरीसुद्धा एका गटात कुणी सावकाश, कुणी चपळ असायचेच. तेव्हा दुसरी गोष्ट अशी की, वळणावर कुणीही कुणाला मागे टाकायचे नाही. पुढे जायचे ते सरळ पट्ट्यावरच, आणि तेही पुढच्याने परवानगी दिल्यावर. परवानगी कशी द्यायची? गाडीच्या काचा खाली घेतलेल्या असतात. पुढच्या चालकाने हात बाहेर काढून ज्या बाजूने मागच्याने जावे ती बाजू बोटाने दाखवायची. उजवीकडून जा, तर हात उजवीकडे लांबवायचा. डावीकडून जा, तर तोच हात टपावरून डावीकडे करायचा. हात दाखवला की पाय अंमळ उचलायचा, म्हणजे मागच्याला चटकन जाता येते. आणि एका हाताला एकच गाडी! मागे दोघे असतील तर दोनदा हात. एकाला दिलेली परवानगी दुसऱ्याने उचलायची नाही. हे मला फार आवडले. आमच्याकडे एका एस.टी.ला साईड मिळाली की तिच्या शेपटाला धरून चार जीपगाड्या निघतात, तो प्रकार तिथे चालत नाही.

वळणावर मज्जाव का, हे समजावून घेण्यासारखे आहे. कुठल्याही वळणातून कमीत कमी हिसका बसेल अशी एकच वाट असते. बाहेरच्या कडेने शिरायचे, वळणाच्या पोटाशी जायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. रस्ता कितीही रुंद असला तरी ही वाट एका गाडीपुरतीच. आपण बैलगाडीच्या रस्त्यावर चाकोरी म्हणतो ना, तशी ही डांबरावरची न दिसणारी चाकोरी. वळणात दोन गाड्या शेजारी शेजारी शिरल्या तर वळणाच्या पोटाशी दोघींनाही तीच जागा हवी असते, आणि टायरांची पकड वळण्यातच खर्च होत असल्यामुळे ऐन वेळी कुणालाच बाजूला होता येत नाही. म्हणून पुढच्याला बजावलेले असते की, "तू तुझी चाकोरी सोडू नकोस. चाकोरी सोडून बाहेरून जायचे ते मागच्याने."

आपल्याला हे उलटे वाटते. कुणी मागून आले की आपण घाईघाईने बाजूला होतो आणि त्यालाच सौजन्य समजतो. पण मागच्यानेही त्याच क्षणी त्याच बाजूने जायचे ठरवले असेल तर? ट्रॅकवर पुढच्याचे पहिले कर्तव्य आपण काय करणार हे मागच्याला आधी कळू देणे. बाजूला होणे त्याच्या नंतर. मोटारसायकलींच्या ट्रॅक डेला तर आरसे काढून ठेवतात नाहीतर चिकटपट्टीने झाकतात. पुढच्याने मागे पाहायचेच नाही, आपल्या वाटेने जात राहायचे. सांभाळून पुढे जाण्याची सारी जबाबदारी मागच्यावर.

कडेला जागोजागी मार्शल म्हणून माणसे झेंडे घेऊन उभी असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे काही धोका आहे, सावकाश, कुणी कुणाला ओलांडायचे नाही. लाल म्हणजे सर्वांनी जपून परत यायचे. निळा झेंडा आपल्या विषयातला. तो दाखवला म्हणजे, "बाबा रे, आरशात बघ, तुझ्या मागे कुणी खोळंबला आहे." आणि काळा म्हणजे, "तू आत ये, तुझ्याशी बोलायचे आहे."

आता भाच्याची हकीकत. दुसऱ्या खेपेला तो आत गेला तेव्हा त्याच्या पाठीमागे एक जुनीपुराणी मारुती एस्टीम लागली. रंग उडालेला, एक दार वेगळ्याच रंगाचे. चालवणारे पन्नाशीचे एक शांत गृहस्थ. प्रत्येक वळणावर ती एस्टीम भाच्याच्या गाडीला येऊन भिडे, कारण ते गृहस्थ वळणे सुरेख घेत. आणि प्रत्येक सरळ पट्ट्यावर भाचा जोराने दामटी, की पुन्हा शंभर हातांचे अंतर. पुन्हा वळण, पुन्हा एस्टीम मागे हजर. निळा झेंडा एकदा दाखवला, दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा काळा झेंडा आला, आणि आमची स्वारी लाल तोंडाने परत आली.

"मी का साईड द्यायची? तो माझ्यापुढे जाऊच शकत नव्हता. सरळ रस्त्यावर त्याला कितीदा मागं टाकलं मी!" असे त्याचे म्हणणे. शिकवणाऱ्या गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले की सरळ पट्ट्यावर पळते ते इंजिन, वळणात पळतो तो चालक. एस्टीमवाल्यांची वीस मिनिटांची फी भाच्याच्या गाडीचा मागचा दिवा पाहण्यात गेली. शिवाय पट्ट्याच्या शेवटी भाचा इतका उशिरा ब्रेक दाबत होता की दोन वेळा त्याची गाडी बाहेर जाता जाता राहिली. साईड न देण्याच्या भरात त्याचे लक्ष पुढच्या वळणावर नव्हतेच. ते सारे आरशात अडकले होते.

पुढच्या खेपेला मात्र सरळ पट्ट्यावर भाच्याचा हात बाहेर आला. एस्टीम उजवीकडून निघून गेली, आणि जाता जाता तिच्या खिडकीतून एक हात वर झाला. मग भाचा त्यांच्या मागे राहून ते वळणे कशी घेतात हे पाहू लागला. संध्याकाळी दोघे चहा पीत उभे होते. ते गृहस्थ त्याला सांगत होते की ट्रॅकवरून आल्यावर गाडीचा हँडब्रेक ओढू नये, गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. ब्रेक फार तापलेले असतात. भाचा मान डोलावत होता. सकाळी त्याने या माणसाला साईड दिली नव्हती.

साईड देणे म्हणजे कमीपणा घेणे ही समजूत केवळ पोरासोरांचीच असते असे नाही. आणि साईड द्यायची मनापासून इच्छा असली तरी ती द्यावी कशी, हे कसलेल्या चालकांनाही नेहमी साधत नाही. ३० ऑगस्ट १९९८ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे फॉर्म्युला वनची शर्यत भर पावसात चालली होती. जर्मनीचा मायकेल शूमाकर आघाडीवर होता आणि एका पूर्ण फेरीने मागे पडलेल्या स्कॉटलंडच्या डेव्हिड कूल्टहार्डला तो ओलांडू पाहत होता. कूल्टहार्डला त्याच्या चमूने रेडिओवरून सांगितले की, याला जाऊ दे. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. पण कसे? आपल्या चाकोरीतच राहून त्याने वेग कमी केला. चाकांनी उडालेल्या पाण्याचा एवढा धुरळा होता की पुढची गाडी मंदावली आहे हे शूमाकरला दिसलेच नाही. तो मागून जाऊन आदळला, त्याचे पुढचे चाक निखळले, आणि तीन चाकांवर गाडी आणून तो तडक कूल्टहार्डच्या गोटात भांडायला गेला. पुढे काही वर्षांनी, आपण तिथे तसा वेग कमी करायला नको होता, हे कूल्टहार्डने कबूल केले. श्रोतेहो, इथे दुष्टावा कुणाचाच नव्हता. एकाने खरोखर साईड दिली होती. दुसऱ्याला ती दिसली नव्हती, इतकेच.

या गोष्टीपाशी मी थांबतो, कारण येथून मला परत आपल्या रस्त्यावर यायचे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून घरी निघाला होता. पुढे मालट्रक होता. ट्रकने उजवीकडचा दिवा लुकलुकवला. आपल्याकडे पुष्कळ ट्रकवाले उजवा दिवा लावून मागच्याला 'ये, पुढे मोकळे आहे' असे सांगतात, हे आपल्याला माहीत आहे. पोराने गाडी उजवीकडे काढली. ट्रकला मात्र उजवीकडच्या पेट्रोल पंपात वळायचे होते. पोराचा पाय गुडघ्याखालून गेला. मी रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा तो पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "सर, त्यानं दिवा दिला होता." आणि ट्रकचालकाने पोलिसांना जबानी दिली ती हीच : "साहेब, मी दिवा दिला होता." दोघेही खरे बोलत होते.

चेन्नईच्या त्या छपराखाली बसलो असताना मला हे वाक्य आठवले, आणि दुसरीही एक आठवण झाली. लहानपणी आम्ही मे महिन्यात कराडहून चिपळूणला आत्याकडे जात असू. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा मिळावी म्हणून मी आदल्या रात्रीपासून देवाला विनवीत असे. कुंभार्ली घाट लागला की मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवू लागत. ड्रायव्हरमामा वळण संपेपर्यंत ढिम्म. समोरचा रस्ता दिसू लागला की मग त्यांचा खाकी बाहीतला उजवा हात खिडकीबाहेर जाई आणि मागून पुढे, मागून पुढे असा झुले. गाडी पुढे निघून गेली की तिच्या खिडकीतून एक हात वर होई. त्या वेळी मला ती ड्रायव्हरमामांची मर्जी वाटे. ती मर्जी नव्हती, तो कायदा होता. १९८९ सालच्या रस्त्यावरील वर्तणुकीच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेले होते. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल तर चालकाने उजवा हात खिडकीबाहेर आडवा धरून मागेपुढे अर्धवर्तुळात हलवावा. आणि पुढच्याने अशी खूण केलेली नसेल तर मागच्याने त्याला ओलांडू नये. वळणाजवळ ओलांडू नये, चढाच्या माथ्याशी ओलांडू नये. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. हे नियम जाऊन २०१७ साली नवे आले. पण चेन्नईला फी भरून जे शिकवतात, ते कुंभार्ली घाटात आम्हांला तिकिटाच्या पैशात पाहायला मिळत होते!

मग तो हात गेला कुठे? एक तर रस्ते रुंद झाले, आणि चौपदरी रस्त्यावर त्याची तितकी गरज उरली नाही. दुसरे म्हणजे काचा बंद झाल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. झाले ते चांगलेच झाले. बारा-चौदा तास उन्हात भाजणाऱ्या माणसाला थोडा गारवा मिळायलाच हवा. पण काच बंद झाली की हात आतच राहतो, आणि त्याचे काम दिव्यावर येऊन पडते. दिवा बिचारा मुका. उजवा दिवा 'मी वळतो आहे' असेही म्हणतो आणि 'तू ये' असेही म्हणतो. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा सुमारे २०.८ किलोमीटरचा, १९२७ साली खुला झालेला ट्रॅक आहे. तिथे ठरावीक दिवशी कुणीही पैसे भरून आपली गाडी नेऊ शकतो. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि ओलांडायचे ते फक्त डावीकडून. सावकाश जाणारा उजवा दिवा लावतो : 'मी तुला पाहिले, मी इकडेच राहतो, तू तिकडून जा.' तिथे या दिव्याचा अर्थ एकच, म्हणून त्यावर जीव टाकता येतो. आपल्याकडे जोवर तो एकच होत नाही तोवर माझे मत विचाराल तर पुढच्या ट्रकच्या उजव्या दिव्याचा अर्थ 'वळतो आहे' असाच धरावा आणि मागे थांबावे. चुकलो तर दोन मिनिटे जातील.

आणखी एक नियम त्या १९८९च्या यादीत होता, आणि तो शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे : कुणी आपल्याला ओलांडत असताना आपण वेग वाढवू नये. माझा भाचा नेमके तेच करीत होता. एक ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे. तुम्ही ६० ने जाऊन त्याला ओलांडता. ट्रकची लांबी आणि मागचे-पुढचे सुरक्षित अंतर मिळून तुम्हांला त्याच्यापेक्षा ५० मीटर जास्त जायचे आहे. वेगातला फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ५० मीटरला ९ सेकंद लागतील. या ९ सेकंदांत तुम्ही १५० मीटर जाल. समोरून ६० ने येणारी एस.टी.ही १५० मीटर येईल. म्हणजे निघतेवेळी समोर ३०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. आता समजा, ट्रकवाल्याला ईर्ष्या आली आणि त्याने वेग ५० केला. फरक निम्मा झाला, ९ चे १८ सेकंद झाले, आणि ३०० मीटरचे झाले ६००. तुम्ही तर ३०० पाहूनच निघाला होता. ट्रकवाल्याने केले काय, तर पाय जरासा दाबला. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज येते, आणि माझ्या अनुभवाने वर्ग एकदम गप्प होतो.

पुढे गेल्यावर आडवे घुसू नये, हेही त्यातच आले. २५ मार्च २०१२ रोजी मलेशियात सेपांगच्या शर्यतीत जर्मनीचा सेबास्टियन फेटेल आपल्या कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयनला एका फेरीने ओलांडत होता. कार्तिकेयनची गाडी त्या मेळाव्यातल्या सर्वांत मंद गाड्यांपैकी. फेटेल पुढे गेला आणि लगेच आपल्या चाकोरीकडे वळला. त्याचे मागचे चाक कार्तिकेयनच्या गाडीच्या नाकाला लागून फाटले. फेटेल रागाने काय काय बोलला. पंचांनी वीस सेकंदांचा दंड ठोठावला तो कार्तिकेयनला. पंचांपुढे मी कोण? पण ओलांडणाऱ्याने मागची गाडी पूर्ण सुटेपर्यंत धीर धरला असता तर दोघेही आपापल्या वाटेने गेले असते, असे मला अजूनही वाटते. आपल्याकडे तर ओलांडल्याबरोबर समोरच घुसून ब्रेक दाबणारे महाभाग आहेत. मागे उसाने भरलेला ट्रॅक्टर असला तर त्याला थांबायला किती जागा लागते, याचा विचार करावा. दोन ट्रॉल्या, त्यांत कित्येक टन ऊस, आणि ब्रेक बहुतेक ट्रॅक्टरलाच!

ट्रॅक्टरवाल्या मंडळींना मात्र माझी एक विनंती आहे. गळिताचा हंगाम, रात्रीची वेळ, ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. मागचा हॉर्न ऐकू येणार कसा? ट्रकांच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची विनंती लिहिलेली असे, ती महाराष्ट्रात २०१५ साली बंद केली, कारण लोक उगाच भोंगे वाजवीत सुटत. ठीक आहे. पण मग आरसा तरी हवा. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट बाहेर आलेल्या असल्या की आरशात उसाशिवाय काही दिसत नाही. मोळ्या आत रचाव्यात, ट्रॉलीच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, आणि मागे रांग लागली असेल तर रुंद जागा पाहून दोन मिनिटे कडेला घ्यावे. कारखान्याच्या वजनकाट्यावर तासन्‌तास थांबायचेच असते. त्यातली दोन मिनिटे अलीकडे थांबले तर काय बिघडते?

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मी चेन्नईहून येऊन हे सारे सांगितल्यावर तिने एका शनिवारी मैदानावर फक्कीने लांबट वाटोळा रस्ता आखला, दोन सरळ पट्टे आणि दोन वळणे असा. पाच सायकली जमवल्या, दोन मुलांच्या हाती निळे रुमाल दिले आणि नियम सांगितले : वळणात ओलांडायचे नाही, पुढच्याने हात दाखवल्याशिवाय जायचे नाही, हात दाखवला की पेडल मारायचे थांबायचे, पुढे गेलेल्याने हात वर करायचा. हात दाखवणे मुलांना लगेच जमले. हात वर करणे तर त्यांना इतके आवडले की काही जण उगाचच करू लागले. जड गेले ते पेडल थांबवणे. मागून चाकाचा आवाज जवळ आला की पाय आपोआप जोरात फिरू लागत, आणि मग सगळे मैदान ओरडे, "ए, थांबव, थांबव!"

पाचवीतल्या एका मुलीने मात्र अगदी बरहुकूम केले. सरळ पट्ट्यावर आली, हात बाहेर काढला, पाय थांबवले. मागचा मुलगा सातवीतला, चांगला दांडगा. तो काही पुढे जाईना, तिच्या मागेच रेंगाळत राहिला. ती मान न वळवता ओरडली, "अरे, जा की!"

तो म्हणाला, "खरंच जाऊ?"